बी लिफ्ट, रात्री दोन ते पाच

पेडणेकरने लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडवून धरली,
दारात लोखंडी स्टूल आडवं घातलं
आणि स्वतः जिन्यावर जाऊन बसला, तंबाखू मळत.
परळच्या त्या इस्पितळात रात्री दोनला
मशिनं जागी असतात, आणि नातेवाईक.

आधी अंगठी काढायची. मग घड्याळ.
पहिल्या दिवशी रखांगे मिस्त्रींनी एवढंच शिकवलं होतं,
कुर्ल्याच्या गाळ्यात, अठ्ठावीस वर्षांपूर्वी:
एक ओरखडा काढायला जाशील, चार पाडून येशील.
मग माझं बोट धरून पत्र्यावरून फिरवलं.
केस लागतायत? कुठल्या अंगाला झोपलेत ते बघ.
मांजराला उलटं चोळतोस का कधी?

हेअरलाइन म्हणतात ह्याला धंद्यात.
म्हणजे मुळात हे सगळं ओरखड्यांचंच.
कारखान्यात लाखभर एका दिशेने ओढले
की त्याला फिनिश म्हणतात, चौरस फुटाला भाव येतो.
एखादा आडवा गेला
की तक्रार येते.

टॉर्च भिंतीला टेकवून तिरपा मारला.
समोरून स्टील काही कबूल करत नाही.
गुडघ्याखाली ऑक्सिजनच्या ट्रॉल्या.
कमरेशी स्ट्रेचरचे कोपरे, दोन्ही बाजूंना, एकाच उंचीवर,
वर्षानुवर्षं तिथंच वळून तिथंच घासलेले.
त्याच्या वर ओरखडे नाहीतच.
तिथं फक्त तेलाचे डाग, डोकी टेकल्याचे,
कुणाचं उंच, कुणाचं बुटकं.
ते साबणाच्या पाण्याने निघाले.

एकशेऐंशीचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळला,
मशीनच्या तेलाचे दोन थेंब.
वरून खाली, पूर्ण लांबी, मध्ये श्वास तोडायचा नाही.
उचलायचं. पुन्हा वरून.
गोल फिरवलंस तर गेलास.
तारेची घासणी तर नकोच, तिचा चुरा मागे राहतो
आणि आठ दिवसांनी गंजून वर येतो.
मग दोनशेचाळीस. मग हिरवी घासणी, हलक्या हाताने.

ओरखडा निघत नाही,
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.
तो जिथं पोचला तिथंच असतो.
आजूबाजूचं सगळं आपण त्याच्या पातळीला उतरवतो.

साडेतीनच्या सुमारास बटणांच्या पट्टीशेजारी
नखाएवढ्या उभ्या रेघा सापडल्या.
केसांच्याच दिशेने, म्हणून आजवर कुणाला दिसल्या नसाव्यात.
किल्लीने पाडलेल्या, किंवा नाण्याने.
एकोणीस.
पहिल्या दहा-बारा खोल, दाबून.
पुढच्या नुसत्या टेकवल्यासारख्या.
माझ्या छातीच्या उंचीला. बाई असेल, किंवा शाळकरी पोर.

पेडणेकरला हाक मारली. त्याने वाकून पाहिलं.
रोज हजार माणसं चढतात, मी कुणाकुणाचे हात बघू?
मग म्हणाला, एकोणीस म्हणजे जनरल नसणार,
तिथं एवढे दिवस ठेवत नाहीत.
विसाव्या दिवशी घरी नेलं असेल.
मी म्हटलं, हो, घरी.
त्या शब्दावर दोघांनीही टॉर्च मारला नाही.

सगळ्यात सोपं काम तेच निघालं.
आडवं काही नव्हतंच, दिशा बरोबर होती.
मी फक्त शेजारी रेघा ओढत गेलो,
पन्नास, दोनशे, मग मोजल्या नाहीत.
पुसल्या म्हणता येणार नाही.
जत्रेत हात सुटतो
तशा सुटल्या.

पाचला डिमेलो आला, हातात फॉर्म घेऊन.
समोरून बघितलं, मान हलवली.
फॉर्मात ओरखड्यांसाठी रकाना होता, त्याखाली छापलेलं: नग.
मी तो कोरा ठेवून खाली सही केली.

खालून कुणीतरी घंटी दाबून धरली होती.
पेडणेकरने स्टूल उचललं.
हळू, मी म्हटलं,
पाय लागेल.